आईचा हात

संग्रहालयाच्या पांढऱ्या भिंतीवर माझ्या आईचा हात पुरुषभर उंच झाला आहे. पंजा पुढे केलेला, बोटं फाकलेली आणि मागे तिचा अर्धा झाकलेला चेहरा. खाली पाटी आहे: 'आशीर्वाद'. प्रदर्शनाची मांडणी करणाऱ्या बाईंनी हा फोटो मुद्दाम दाराशी लावलाय. "आत शिरतानाच लोकांना प्रसन्न वाटतं," त्या म्हणाल्या.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. बाबा गेल्याचा तिसरा दिवस. आई ओसरीवर बसली होती आणि रस्त्याने जाणारा एक फोटोग्राफर कॅमेरा डोळ्याला लावूनच फाटकातून आत आला. "नको हो, नको," म्हणत आईने हात पुढे केला. फोटोत आवाज येत नाही. एकदा माणसाचा नकार भिंतीवर टांगला, की खाली काय वाटेल ते लिहिता येतं.

उद्घाटनाला तोच फोटोग्राफर आला होता, आता म्हातारा, खांद्यावर सत्काराची शाल. कोपऱ्यात सामोसा खाताना त्याच्या पांढऱ्या मिशीला चटणी लागली. इतकी वर्षं मी कशाची वाट पाहत होते, ते मला तेव्हा कळलं. मी मोबाइल त्याच्यासमोर धरला.

"अहो, न विचारता काय काढताय? नको, नको!" त्याने पंजा पुढे केला.

मी काढलाच. तशीच फाकलेली बोटं, मागे तसाच अर्धा चेहरा.

फोटो मोठा करून, चौकटीत घालून मी त्याच्या घरी पाठवला. खाली पाटी लावायला विसरले नाही: 'आशीर्वाद'.