समोरच्या लॉनवरचं लग्न

आज सकाळी समोरच्या लॉनवर लग्न होतं आणि तरीही आमच्या गॅलरीचं दार सताड उघडं होतं. एरवी लग्नाचा दिवस म्हणजे खिडक्या बंद, कानात कापूस आणि घरातल्या घरात ओरडून बोलणं.

त्या आवाजापायी शेजारच्या शैलाताईंनी महापालिकेत किती खेटे घातले! "आवाजाचे नियम आहेतच की, बाई," असं तिथले साहेब म्हणाले, तेव्हा त्या कडाडल्या होत्या, "ते सनईच्या काळातले आहेत. आता डीजेच्या काळातले करा!" शेवटी नियम बदललेच. उघड्या लॉनवर आता स्पीकर लावता येत नाही.

म्हणून आज मंगलाष्टकं म्हणणाऱ्या कुणा बाईंचा नुसता गळा रस्ता ओलांडून आला. वरच्या सुरात चिरकणारा, पण माणसाचा. इतकी वर्षं इथे लग्नं लागली, पण नवरीचं नाव आज पहिल्यांदा ऐकू आलं. केतकी. त्या दणदणाटात आम्ही चिडायचो खरे, पण तिथे कुणाचं तरी लग्न आहे हेच विसरून गेलो होतो.

"सावधान" झालं. शेजारच्या गॅलरीतून शैलाताईंनी मूठभर तांदूळ केतकीच्या दिशेने उधळले. ते अर्थातच खाली रस्त्यावर पडले.

"अहो, हे काय?" मी हसून विचारलं.

"मंगलाष्टकं ऐकली, मग अक्षता नकोत टाकायला?" त्या म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, आणि मला माझ्या गॅलरीत शब्दन् शब्द ऐकू आला.