मामा आणि झोपलेली राजकन्या

पुण्यात बॅलेविषयी सर्वांत जास्त माहिती कोणाला आहे, हा प्रश्न आजवर कुणीही विचारलेला नाही. पण त्याचं उत्तर कित्येक वर्षं कर्वेनगरात तयार बसलेलं आहे. ते म्हणजे आमच्या हिचे थोरले मामा. उमेदीच्या काळात कंपनीनं त्यांना यंत्रं शिकायला रशियाला पाठवलं होतं. यंत्रांबद्दल ते कधी काही बोललेले मला आठवत नाही. तिथं एका संध्याकाळी यजमानांनी सगळ्या पाहुण्यांना बॅले बघायला नेलं. शंभर वर्षं झोपणाऱ्या राजकन्येची गोष्ट. ती झोपली, मध्यंतर झालं आणि आमचं शिष्टमंडळ उठलं. कारण अतिथिगृहातल्या बाईंना खाणाखुणा करून कसाबसा वरणभात करायला लावला होता, आणि त्यांचं स्वयंपाकघर लवकर बंद व्हायचं. मामा जेवले, राजकन्या झोपलेलीच राहिली. ती उठताना एकदा आपल्या डोळ्यांनी पाहायची, एवढी एकच इच्छा त्यांनी तेव्हापासून बाळगली आहे. "मोबाइलवर अख्खा बॅले आहे, मामा," असं मी एकदा सुचवून पाहिलं. "जावईबापू," ते म्हणाले, "अंगठ्यानं उठवलेली राजकन्या मला नको."

न पाहिलेल्या भागाची भरपाई मामांनी इतिहासानं केली. ही गोष्ट मूळची फ्रान्सची, बॅलेही फ्रेंच दरबारातच वाढला, तिथला एक राजा स्वतः नाचायचा, आणि पुढे एका फ्रेंच नृत्यगुरूनं झारच्या पदरी राहून ही राजकन्या रशियात नाचवली, हे सगळं त्यांनी लग्नाच्या पंगतीत, डॉक्टरांकडे नंबर लागेपर्यंत आणि एकदा दहाव्याला कावळ्याची वाट पाहताना सांगितलेलं आहे. कावळा त्या दिवशी लवकर शिवला. बारशाला तर त्यांना विशेष चेव येतो. गोष्टीत राजकन्येच्या बारशाला एका म्हाताऱ्या परीला बोलवायचं राहून जातं आणि ती येऊन शाप देते. "मानपान!" मामा पाळण्याकडे बोट रोखून म्हणतात. "अख्खं राज्य शंभर वर्षं झोपलं, ते कशानं? एकीचा मानपान राहून गेला म्हणून." बाळाची आई आलेल्या बायका घाईघाईनं पुन्हा मोजते.

गेल्या वर्षी मामांनी हा बॅले पुण्यातच बसवायचं ठरवलं. शेजारच्या भरतनाट्यमच्या वर्गाच्या ताईंना गाठलं. "नर्तकीचे पाय जमिनीला लागतात की नाही, अशी शंका आली पाहिजे," मामांनी सांगितलं. "काका, आमच्याकडे पहिलं वर्ष पाय आपटण्यातच जातं," ताई म्हणाल्या. पण तयार झाल्या. मुलींच्या परीक्षा होत्या, म्हणून पऱ्यांची कामं त्यांच्या आयांनी घेतली आणि सोळा वर्षांची राजकन्या पन्नाशीला टेकलेल्या ताई स्वतःच झाल्या. चवड्यांवर उभं राहण्याचा सराव त्या स्वयंपाकाच्या ओट्याला धरून करत. तालमीत मामा प्रत्येकाला प्रत्येक गोष्टीवरून टोकायचे. राजकन्या उठायचा प्रसंग आला, की मात्र बाहेर जाऊन उभे राहायचे. आधी पाहिलं तर मजा जाईल म्हणायचे.

प्रयोग सदाशिव पेठेतल्या एका छोट्या हॉलमध्ये झाला. दीपप्रज्वलनानंतर सत्कार सुरू झाले. कुणाचाही मान राहून जाता कामा नये, हा धडा मामांनी गोष्टीतून घेतलेला होता. त्यामुळे हॉलचे व्यवस्थापक, माईकवाले, खुर्च्यावाले आणि पुढच्या रांगेत दिसेल तो ज्येष्ठ नागरिक, अशा सर्वांना शाल आणि श्रीफळ मिळालं. एका गृहस्थांनी आपण नुसते पत्ता विचारायला आलो आहोत, असं सांगून पाहिलं. त्यांनाही मिळालं. मग मामांचं प्रास्ताविक. फ्रेंच राजाचं नाचणं काही आटपेना. शेवटी मामी पहिल्या रांगेतून म्हणाल्या, "अहो, ती बाई केव्हाची झोपायची खोळंबलीय!"

बारसं झालं, आया थिरकल्या, शाप मिळाला, राजकन्येला चरख्याची चाती टोचली आणि ती झोपली. त्याच क्षणी व्यवस्थापक, शाल खांद्यावर तशीच ठेवून, माईकपाशी आले. "हॉलची वेळ संपलेली आहे. पार्किंगचं फाटक बंद होत आहे. नंतर तक्रार चालणार नाही." शंभर वर्षांच्या शापाला जे जमलं नसतं, ते या सूचनेनं केलं. अख्खा हॉल क्षणात रिकामा झाला. प्रेक्षकांपाठोपाठ पऱ्या गेल्या, आणि पऱ्यांपाठोपाठ राजपुत्रही तलवारीसकट स्कूटर काढायला पळाला.

अर्धे दिवे गेले. मामा रंगमंचाखाली उभे होते. हातात भाषणाचे उरलेले कागद.

"काका, उठू का?" ताईंनी डोळे न उघडता विचारलं.

"उठा," मामा म्हणाले.

ताईंना पदर झटकून सरळ उठता आलं असतं. त्या तशा उठल्या नाहीत. संगीत नव्हतं, राजपुत्र नव्हता. आधी बोटं हलली, मग मान वळली, मग डोळे उघडले आणि समोरचा रिकामा हॉल त्यांनी असा पाहिला, की जणू तिथं सकाळ झाली होती. मग त्या उभ्या राहिल्या आणि कशाचाही आधार न घेता हळूहळू चवड्यांवर गेल्या. व्यवस्थापकांचा हात बटणावर होता. तो तिथंच थांबला.

परतताना रिक्षात मी इतिहास ऐकायची तयारी ठेवून बसलो होतो. मामा बाहेर बघत होते. कर्वे रस्ता लागला.

"झालं ना समाधान?" मामींनी विचारलं.

"झालं," मामा म्हणाले. आणि रिक्षातून उतरताना, "फार लवकर संपलं."