गुरुवारचा समुद्र

आमच्या घरी रविवार गुरुवारी येतो. बाबांची चाकणची कंपनी आठवडाभर चालते आणि त्यांच्या लाइनला सुट्टी गुरुवारी. त्यामुळे लहानपणी शाळा बुडवल्याशिवाय फिरायला जाणं शक्य नव्हतं, आणि शाळा बुडवायची नाही हा बाबांचाच नियम. म्हणजे आम्ही फिरायला जातच नव्हतो.

त्या मेअखेरीस बाबा रिटायर होणार होते आणि मग आई आणि ते लातूरकडे गावी जाणार होते. तेव्हा बाबांच्या लक्षात आलं की एकतीस वर्षांपूर्वी, लग्नात, त्यांनी आईला समुद्र दाखवायचा शब्द दिला होता. लक्षात आलं म्हणजे आईनं आणून दिलं. ती दरवर्षीच आणून द्यायची. दरवर्षी कंपनीत काहीतरी अडायचं आणि 'पुढच्या उन्हाळ्यात नक्की' व्हायचं. आई कंपनीला सवत म्हणायची, आणि ते काही लाडानं नव्हे.

बाबांनी बसून प्लॅन केला. मेचे चार गुरुवार: धरण, किल्ला, समुद्र, आणि चौथा राखीव. बरोबर त्यांचे चार मित्र, सहकुटुंब. आमच्याकडे काकांना नावं नसतात, खाती असतात. वेल्डिंगचे काका, पेंट शॉपचे काका, असे. मी हिंजवडीत नोकरी करते. चारही गुरुवारची रजा टाकली तेव्हा मॅनेजरनं विचारलं, घरी कार्य आहे का. मी हो म्हटलं.

पवनेच्या धरणावर बाबांनी आधी सगळ्यांना रांगेत उभं केलं. पाणी किती धोक्याचं असतं यावर पंधरा मिनिटं बोलले. मग कंपनीत शिफ्टच्या सुरुवातीला घेतात ती सुरक्षेची शपथ, उजवा हात पुढे करून, बायकापोरांसकट. आजूबाजूची मंडळी आम्हाला कुठला तरी पंथ समजून लांब जाऊन बसली. घोट्याच्या वर पाण्यात जायला कुणालाच परवानगी नव्हती, आणि बाबांच्या गळ्यात शिट्टी होती. कुणाला काही झालं नाही. मजाही झाली नाही.

किल्ल्यावर निदान चढलो तरी. पण कंपनीत साडेनऊला चहा होतो. बरोबर साडेनऊला, एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला दरी अशा पायऱ्यांवर, पाचही बाप्ये एकदम खाली बसले आणि थर्मास उघडला. मागे चाळीसेक माणसं खोळंबली. कुणीतरी ओरडलं, "ओ काका, घरचा ओटा हाय का ह्यो?"

पेंट शॉपचे काका शांतपणे म्हणाले, "दहा मिनिटं, भावा."

धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. दहा मिनिटांनी ते उठले. नऊ नाही, अकरा नाही.

तिसऱ्या गुरुवारचा समुद्र आदल्या संध्याकाळी रद्द झाला. माल वेळेत जाणार नाही म्हणून सगळ्यांना ओव्हरटाइमला बोलावलं. आईनं बांधलेल्या दशम्या सोडल्या आणि ताटात वाढल्या. समुद्रासाठी काढलेली साडी घडी करून परत कपाटात ठेवली. मग म्हणाली, "फुडच्या गुरुवारी बी न्हाई झालं तर म्या पुन्हा इचारणार न्हाई. कधीच."

आई भांडत असली की आम्ही बिनघोर असतो. हे ती हळू आवाजात म्हणाली. बाबांचा घास हातातच राहिला.

चौथ्या गुरुवारी कंपनीच्याच कंत्राटातली बस ठरवली, ड्रायव्हरही रोजचेच, अठरा वर्षं पहिल्या शिफ्टची फेरी करणारे. चढायचे थांबे चिखली, जाधववाडी, मोशी, म्हणजे ड्यूटीचेच. वेळही पहाटेची, ड्यूटीचीच. सवयीचं असलं की घोळ होत नाही, असं बाबांचं म्हणणं. मोशीहून बस उलटी वळवून ताम्हिणी घाटातून कोकणात जायचं होतं. पण बाप्ये सीटला टेकले की झोपतात, हीसुद्धा सवयच. बायका तीनपासून दशम्या थापत होत्या, त्याही पेंगल्या. मीही झोपले, उगाच कशाला खोटं बोलू.

बस थांबली. पाचही जण एकदम जागे झाले आणि पाचांचे हात गळ्यातलं आयकार्ड चाचपायला गेले. बाबांच्या गळ्यात ते होतंच. बाहेर कंपनीचं गेट होतं.

"आयला," ड्रायव्हरकाकांनी डोक्याला हात लावला, "हाताला सवय झाली, राव."

माझं डोकंच फिरलं. "अठरा वर्षांत एकदा तरी रस्ता चुकायचा होता ना काका! आजच बरा सापडला!"

आई खाली उतरली. नव्या साडीचा पदर सारखा करून तिनं गेट वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हीच का ती?"

"हो," बाबा म्हणाले.

"मला वाटलं लई मोठी असंल."

तेवढ्यात आतून सुपरवायझर साहेब धावत आले. बाबांना बघून त्यांना देव भेटल्यासारखं झालं. "बरं झालं आलात! प्रेस मशीन बंद पडलंय, दोन माणसं गैरहजर आहेत. दोनच तास या, तुमचा हात लागला की सुरू होईल."

कंपनीतले दोन तास किती मोठे असतात ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. आई बसमध्ये जाऊन आपल्या सीटवर बसली आणि खिडकीची काच लावून घेतली. बाबांचा हात आयकार्डावर होता. त्यांनी साहेबांना नाही म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मला रडूच यायला लागलं, आणि रागही. आज आत गेलात बाबा, तर मीसुद्धा तुम्हाला पुन्हा काही विचारणार नाही, असं मी मनात म्हणत होते.

बाबांनी आयकार्ड गळ्यातून काढलं, दोरी गुंडाळून खिशात ठेवलं. "साहेब, आज मला सुट्टी आहे."

"अहो, पण शेवटचा आठवडा आहे तुमचा..."

"म्हणूनच," बाबा म्हणाले आणि बसमध्ये चढले.

नंतर वाटेत कुणी झोपलं नाही. पेंट शॉपचे काका ड्रायव्हरशेजारी उभे राहून प्रत्येक वळण मोठ्यानं सांगत होते. पोचलो तेव्हा एक वाजला होता. ओहोटी होती, वाळू पाय भाजत होती आणि पाणी पार लांब गेलं होतं. शपथ कुणी घेतली नाही. आई एकटीच चालत निघाली. घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. साडीचा काठ भिजला. बाबांनी शिट्टी तोंडाशी नेली आणि तशीच खाली सोडली.

मग ती येऊन ओल्या वाळूत बसली, पाण्याकडे तोंड करून. बाबा तिच्या शेजारी बसले.

अडीचला पहिली शिफ्ट सुटते. अडीचला सगळे बाप्ये उठून पँट झटकायला लागले, कुणी घड्याळ न बघता. बाबाही अर्धे उठले.

आईनं समुद्रावरची नजर न काढता त्यांची बाही धरली.

"बसा खाली," ती म्हणाली. "आज ओव्हरटाइम करा."

बाबा बसले.