भिडूची चूक

लंडनजवळच्या वॉटफर्डमध्ये उल्हास गुप्तेला लोक औषधांच्या दुकानामुळे ओळखतात. मी त्याला ओळखते ते माझा भिडू म्हणून. एकोणीस वर्षं दर रविवारी दुपारी दोन वाजता आम्ही चौघं त्याच्या जेवणाच्या टेबलावर मेंढीकोट खेळतो. मी आणि उल्हास एका बाजूला, माझा नवरा संजय आणि उल्हासची बायको मंजिरी दुसऱ्या बाजूला. आधी नवरा-बायको भिडू असायचे. दोन महिन्यांत दोन्ही घरांत इतकी भांडणं झाली, की उल्हासनं जोड्या फिरवल्या आणि एक नियम घातला. भिडूची चूक टेबलावर काढायची नाही. पान पडलं की पडलं, घरी जाऊन काय तो आरडाओरडा करा.

माझ्यासारख्या तापट बाईनं हा नियम एकोणीस वर्षं पाळला, याचं श्रेय मला कुणी देत नाही. पण खरं सांगायचं तर उल्हास चुकायचाच नाही. मेंढीकोटात चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. ज्यांच्याकडे मेंढ्या जास्त, ते जिंकले. वरचं पान बाहेर असताना दश्शी टाकली की ती समोरच्यांच्या घशात गेलीच. म्हणून कुठली पानं पडून गेली ते डोक्यात ठेवावं लागतं, आणि उल्हासच्या डोक्यातून बावन्नातलं एकही पान कधी सुटलं नाही.

दुकानातही तेच. ठाण्याहून आल्यावर त्यानं इथल्या परीक्षा पुन्हा दिल्या, आठ वर्षं दुसऱ्याच्या दुकानात उभा राहिला आणि मग स्वतःचं काढलं. कोपऱ्यावरच्या आयरिश म्हातारीला कुठली गोळी सोसत नाही, कुणाच्या मुलाला दमा आहे, सगळं तोंडपाठ. संजयच्या हृदयात धातूची झडप बसवली तेव्हापासून त्याची औषधं उल्हास स्वतःच्या हातानं भरतो. मी कधी पिशवी उघडूनही बघितली नाही.

गेल्या ऑक्टोबरात, हिवाळ्यासाठी इथली घड्याळं तासभर मागे केली त्या रविवारी, उल्हासनं खेळता खेळता मला विचारलं, "किलवरचा एक्का गेला का गं?"

एक्का त्यानंच टाकला होता, पहिल्याच हाताला.

"काय उल्हासशेठ, एक तास जास्त झोपलात वाटतं!" संजय म्हणाला. सगळे हसले, उल्हासही हसला. मीही हसले, पण मला ते आवडलं नाही.

पुढच्या रविवारी तो इस्पिकची दश्शी उचलून टाकणार, एवढ्यात मला राहवलं नाही. राजा बाहेर होता. बोलायची सोय नव्हती, म्हणून मी वैतागून चष्मा वर सरकवला. उल्हासचा हात थांबला. त्यानं दश्शी परत हातात घेतली आणि दुर्री टाकली.

आम्ही काही ठरवलं नव्हतं. खाणाखुणा करणाऱ्यांचा उल्हासला तिटकारा. पण त्या दिवसापासून तसंच सुरू झालं. चष्मा वर केला की मेंढी टाकायची नाही. बांगडी फिरवली की खुशाल टाक. आम्ही जिंकत राहिलो. माझा जीव तुटत होता म्हणून मी हे केलं, असं सांगता येईल आणि ते खरंही आहे. पण खोटं कशाला बोलू, मला हरायलाही आवडत नाही.

फेब्रुवारीत दुकानात गेले तर उल्हास माझ्याकडे बघून हसला आणि माझं नाव घ्यायला त्याला जरा जास्त वेळ लागला. दुकानात काम करणारी दिया, जन्मानं इथलीच, मला कौतुकानं म्हणाली, "आंटी, अंकल सो केअरफुल झाला आहे आता. एकच बॅग तो थ्री टाइम्स चेक करते."

"बरं आहे ना मग," मी म्हटलं आणि घरी आले. आता त्या वाक्याचा मला राग येतो. माझ्या वाक्याचा.

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी मी संजयच्या गोळ्यांची आठवड्याची डबी भरायला बसले. त्याला रोज वॉरफरिनच्या दोन गोळ्या लागतात, रक्त गोठू नये म्हणून. तीन मिलिग्रॅमच्या, निळ्या. सात वर्षं निळ्याच. नवं पाकीट उघडलं तर आत गुलाबी.

पाकीट पाचच्या गोळ्यांचं होतं आणि त्यावर लेबल तीनचं. लेबलाच्या कोपऱ्यात, औषध तपासणाऱ्याच्या चौकोनात उल्हासची सही होती. रोज दोन गुलाबी पोटात गेल्या असत्या, तर आठवडाभरात संजयच्या नाकातून रक्त आलं असतं. जिन्यात पाय घसरला असता तर डोक्यातही. मी हात धुतले, का ते माहीत नाही, आणि पाकीट पर्समध्ये टाकलं. संजयला काही बोलले नाही. आधी उल्हासला एकट्याला गाठून सांगायचं ठरवलं.

पण दुपारी त्यांचं दार उघडलं मंजिरीनं. तिनं मला सरळ किचनमध्ये नेलं आणि चहा टाकता टाकता हलक्या आवाजात बोलू लागली.

"तुला म्हणून सांगते. आय वॉज सो वरीड, मीनाक्षी. जानेवारीत गाडी पार्क केली आणि ती विसरून हा चालत घरी आला. मी जीपी डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली होती. मग म्हटलं, थांब, रविवारी बघू. ज्याचं डोकं चालत नाही तो असा खेळेल का? दर रविवारी बघते, एक मेंढी तो चुकत नाही. कॅन्सल केली अपॉइंटमेंट. परवा दुकानाची लीज आणखी पाच वर्षांसाठी वाढवली."

मला वाटत होतं मी उल्हासची लाज राखतेय. मी त्याच्या बायकोच्या डोळ्यांत धूळ फेकत होते, आणि माझ्या नवऱ्याच्या ताटात विष पडत होतं. तेव्हाही मी तिला सांगू शकले असते. पण माझ्या नुसत्या बोलण्यावर तिचा विश्वास बसला नसता. ते तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवं होतं.

टेबलावर बसले आणि चष्मा काढून डबीत ठेवला. मनगटातली बांगडी काढून पर्समध्ये टाकली.

"डोळे आले की काय?" संजयनं विचारलं.

"वाट पानं," मी म्हटलं.

पहिले सहा हात ठीक गेले. बदामाचे राजा, राणी, गुलाम पडले. एक्का मात्र पडला नव्हता. तो मंजिरीनं दाबून ठेवलाय हे शाळकरी पोरानंही सांगितलं असतं. उतारी उल्हासची होती. त्यानं बदामाची दश्शी बाजूला सारली, पुन्हा आत घेतली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी पानांत नाक खुपसलं.

"मीनाक्षी," तो अगदी हळू म्हणाला, "चष्मा घाल ना."

मंजिरीनं मान वर केली.

"नाही," मी म्हटलं. "आज तुझं तू खेळ."

त्यानं आणखी थोडी वाट पाहिली. मग दश्शी टाकली. संजयनं चौकी टाकली, मी सत्ती. मंजिरीच्या हातात एक्का होता. ती त्याच्याकडे बघत बसली, मग माझ्या उघड्या डोळ्यांकडे, मग चष्म्याच्या डबीकडे. तिला समजत गेलं ते मला चष्म्याशिवायही दिसत होतं. तिनं एक्का टाकला आणि मेंढी उचललीच नाही.

"किती दिवस?" तिनं मला विचारलं.

"नोव्हेंबरपासून."

मग मी पर्स उघडली आणि पाकीट पानांवर ठेवलं. संजय "हे काय?" म्हणाला, पण उल्हासनं ते आधी उचललं. लेबल वाचलं. पट्टी बाहेर काढली, रंग बघितला, स्वतःची सही बघितली. मला वाटलं तो कोसळेल. पण तो पस्तीस वर्षं औषधं देणारा माणूस. त्याचा आवाज दुकानातल्यासारखा झाला.

"संजयनं यातल्या किती घेतल्या?"

"एकही नाही. सकाळी उघडलं तेव्हा दिसलं."

"नक्की?"

"नक्की. मी मोजल्या."

त्यानं डोळे मिटले आणि उघडले. पट्टी नीट पाकिटात घातली.

"या आठवड्यात या गोळ्या मी आणखी लोकांना दिल्यात," तो म्हणाला. "कुणाला, ते कॉम्प्युटर सांगेल. पण पाकिटात काय गेलं, ते कॉम्प्युटरला माहीत नाही. ते फक्त मला माहीत असणार."

"मग?" मंजिरीचा आवाज फुटला. "कुणाच्या पाकिटात काय टाकलंस, उल्हास? आठव!"

उल्हासनं माझ्याकडे बघितलं. तसाच, एरवी रविवारी बघायचा तसा, खुणेची वाट पाहत. माझ्याकडे खूण नव्हती. मंजिरी दुकानाच्या किल्ल्या आणायला उठली आणि दियाला दुकानात बोलवायला मी फोन हातात घेतला.