अर्थिंग समाधानकारक आहे

मुरबाड तालुक्यातल्या त्या कॉलेजात मी तीन वर्षं इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला. तिथं काय शिकलात असं कुणी विचारलं की अजून माझं डोकं फिरतं. वैशाखऱ्याहून सकाळची एसटी पकडायची आणि दिवसभर दुसऱ्याची फाइल उतरवायची, हे शिकले. लॅबमधली निम्मी मीटरं मुकी होती, काटा जागचा हलायचा नाही. म्हणून प्रत्येक प्रयोगाची एक जुनी फाइल कपाटात ठेवलेली असे, कुणा हुशार मुलाने कधीकाळी लिहिलेली. तिच्यातली रीडिंग आम्ही उतरवायचो, आमच्या मागचे आमच्या जर्नलातून उतरवायचे. सर पान उलटायचे, सही ठोकायचे, पुढचं जर्नल. एकदा मी एका मोटरचं रीडिंग खरंखुरं घेतलं. ते फाइलीशी जुळेना, तर सरांनी लाल पेनाने काट मारली. मोटर चुकली होती म्हणे!

फाइल काढून द्यायचं काम लॅबमधल्या काकांचं. ते कंत्राटावरचे मदतनीस होते, जवळच्याच वाडीतले. त्या वाडीतली बाकीची माणसं दिवाळी झाली की वीटभट्ट्यांवर निघून जायची, पोरांसकट. काका मात्र बारा महिने घरी राहायचे, कारण त्यांना ही नोकरी होती. त्यामुळेच त्यांची मुलगी एकाच शाळेत सलग सातवीपर्यंत पोचली होती. हे ते आम्हाला दर आठवड्याला सांगायचे आणि आम्ही दर आठवड्याला पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकायचो.

दुसऱ्या वर्षाला अर्थिंगचा प्रयोग आला. यंत्राच्या लोखंडी अंगात चुकून वीज उतरली, तर ती माणसातून न जाता जमिनीत जावी, म्हणून केलेली सोय म्हणजे अर्थिंग. भिंतीबाहेर मीठ-कोळशाचा खड्डा आणि तिथून आत आलेली लोखंडी पट्टी. ही सोय धड आहे का, ते मोजायचं एक यंत्र असतं. आमचं यंत्र अर्थातच बंद.

"टेस्टर मेलाय गो बाय, फायलीतला उतरून घ्या," काका म्हणाले.

उतरवलं. खाली इंग्रजीत निष्कर्ष लिहिला, अर्थिंग समाधानकारक आहे. सुवाच्य अक्षरात, पट्टीने रेघ मारून. कुणी मोठे पाहुणे येणार म्हणून आवारात नुकतेच पेव्हर ब्लॉक बसवले होते आणि ते बसवताना बाहेरची लोखंडी पट्टी तुटली होती. तिचं टोक भिंतीला लोंबत होतं. मी उठून खिडकीपर्यंत चार पावलं गेले असते, तरी मला ते दिसलं असतं.

दुपारी इंग्रजी लेखनाचा तास. ते सर शहापूरहून मोटारसायकलवर यायचे. माणूस मनापासून शिकवायचा, पण पुस्तक भलतंच. वसाहतीतले पथदिवे बंद असल्याची महापालिका आयुक्तांकडे तक्रार करा. आमच्याकडे ना वसाहत ना महापालिका, आणि दिवे गेले तर आम्ही वायरमनला फोन करून शिव्या घालायचो. मग रिपोर्ट लिहायला शिकवलं. "रिपोर्टात रडगाणं नको. काय झालं, कुठे झालं, कुणामुळे झालं, एवढंच." वर्गात माझं इंग्रजी सगळ्यांत चांगलं. सर तोंडभरून कौतुक करायचे आणि मला त्याचा माज होता.

सबमिशनच्या आठवड्यात काका चालू मोटर बंद करायला गेले. तिच्या अंगात वीज उतरलेली होती. हात लागताच ते फेकले गेले आणि टेबलाच्या कडेवर आपटले. उजवं मनगट मोडलं. जिवावरचं हातावर निभावलं, असं सगळे म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

तिसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी मला जर्नल घेऊन बोलावलं. काका दारात उभे होते, हात गळ्यात बांधलेला.

"हे रीडिंग तू घेतलंस?" सरांनी अर्थिंगच्या पानावर बोट ठेवून विचारलं.

खालची सही त्यांचीच होती. नाही म्हटलं असतं, तर अख्ख्या वर्गाची जर्नलं खोटी ठरली असती आणि सगळ्यांचं वर्ष गेलं असतं. माझी दातखीळ बसली म्हणा, पण खरं म्हणजे मी हिशेब करत होते.

शेवटी काकाच बोलले. "मोजलंय सर पोरांनी. मी होतो ना तितं."

आमचं वर्ष वाचावं म्हणून ते बोलले. आपल्याच वाक्यात आपण अडकतोय हे त्यांना कळलं नाही. मला कळलं. अर्थिंग ठीक होतं, म्हणजे यंत्र ठीक, कॉलेज ठीक, पट्टी तोडणारा ठीक, न मोजता सही करणारा ठीक. उरला तो हात लावणारा. चोर सोडून संन्याशाला फाशी!

"तुझं इंग्रजी चांगलं आहे," सर म्हणाले. "मी मुद्दे सांगतो, रिपोर्ट तू लिही."

मी लिहिला. काय झालं, कुठे झालं, कुणामुळे झालं. मदतनीसाचे हात ओले होते, असं लिहिलं. ते कोरडे होते, मी तिथेच होते. सूचना देऊनही त्याने काळजी घेतली नाही, असं लिहिलं. एकही चूक नव्हती त्या इंग्रजीत. महिनाअखेर काकांना काढलं. दिवाळीनंतर वाडी भट्टीवर गेली तेव्हा त्यांची मुलगीही गेली, आठवी अर्धी टाकून.

आता मी कारखान्यांमधली अर्थिंगं तपासते, स्वतः मोजते. लोक समजूत घालतात, तू लहान होतीस, तुझ्या हातात काय होतं. पेन होतं! मला त्या सही करणाऱ्या सरांचा संताप येतो, त्या कपाटाचा येतो, आपल्या पोरांना खोटं लिहायला लावून वर त्यांच्यावरच विसंबणाऱ्या त्या सगळ्या कारभाराचा येतो. काकांचाही येतो, कशाला वाचवलंत आम्हाला म्हणून. पण कुऱ्हाडीचा दांडा मी झाले, आणि मीही त्याच मातीतली. हा राग कुणावर काढायचा?

तेव्हा त्या रिपोर्टवर काकांचीही सही हवी होती. त्यांना मराठी वाचता यायचं, इंग्रजी नाही. कागद हातात घेऊन त्यांनी सरांना नाही, मला विचारलं.

"काय लिवलंस गो बाय यात?"

सर माझ्याकडे बघत होते.

"मोटर बिघडली होती, असं लिहिलंय काका."

"मंग बरा हाय," ते म्हणाले. उजवा हात बांधलेला, म्हणून डाव्या हाताने एकेक अक्षर जुळवत त्यांनी नाव लिहिलं. बराच वेळ लागला. मग कागद माझ्यापुढे धरून विचारलं, "बरोबर आलाय ना?"

"हो काका," मी म्हणाले. "बरोबर आहे."