कळंबला अडलेली एसटी

रेणूची फिट ओसरली की ती गाढ झोपून जायची, आणि मी तिच्याजवळ बसून तिच्या चेहऱ्याकडे बघत राहायचे. भीती वाटायचीच. पण खरं सांगायचं तर त्या भीतीच्या तळाशी एक कुतूहलही असायचं. मघाशी हे डोळे उघडे होते, पण त्यांत रेणू नव्हती. मग ती होती कुठे? मी यवतमाळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. मेंदूची आकृती फळ्यावर काढून तिच्या भागांची नावं मुलांकडून पाठ करून घ्यायचे. माझ्याच नऊ-दहा वर्षांच्या लेकीच्या मेंदूत काय चाललंय, हे मात्र मला त्या आकृतीवरून कधी कळलं नाही. देवाच्या बाबतीतही माझं तसंच होतं. सांजवात मी न चुकता लावायचे, पण माझं म्हणणं पलीकडे कोणी ऐकतंय का, हे मला खरंच ठाऊक नव्हतं.

आमच्या जिल्ह्यात तेव्हा कापसाची वाईट वर्षं चालली होती. माझे यजमान कृषी खात्यात होते. सकाळी जीपनं निघायचे, बोंडअळीनं खाल्लेली शेतं बघत गावोगाव फिरायचे आणि अंधार पडल्यावर परतायचे. रेणूच्या औषधांचा विषय काढला की म्हणायचे, "मी बोंड फोडून आतली अळी दाखवू शकतो. पोरीच्या डोक्यातलं मले काय समजते? तू ठरव, मी तुझ्यासंग आहे." ते मनापासून बोलायचे. तरी ठरवणं माझ्या एकटीवर यायचं.

ठरवायचं काय, तेही सोपं नव्हतं. डॉक्टरांनी गोळीचं प्रमाण वाढवलं होतं. त्यानं फिट पुरत्या थांबल्या नव्हत्या, पण रेणू दिवसभर पेंगत राहायची. वर्गातल्या बाईंनी विचारलं तर उत्तर तोंडाशी येऊन विरून जायचं. डॉक्टर म्हणाले, आणखी वाढवून बघू, नाहीतर सोबत दुसरी गोळी देऊ, आणि तरी जमलं नाही तर नागपूरला मोठ्या तपासण्या करू, कदाचित ऑपरेशनचाही विचार करावा लागेल. ऑपरेशन हा शब्द ऐकला आणि पुढचं काही न विचारता मी रेणूला घेऊन घरी आले. त्याच आठवड्यात माझी नणंद आली. राळेगावच्या पुढे एका खेड्यात एक वैद्य मिरगीवर जडीबुटी देतात, तिच्या ओळखीतल्या मुलाला गुण आला, असं तिनं सांगितलं. अट एकच होती. त्यांचं औषध सुरू झालं त्या दिवसापासून इंग्रजी गोळी बंद.

मी पुष्कळ दिवस मनाशी तोलत राहिले. कधी वाटायचं, गोळ्यांनी मुलगी कोमेजत चालली आहे, हेही करून बघावं. कधी वाटायचं, बंद केल्यावर मोठी फिट आली तर? शेवटी एका सुट्टीच्या दिवशी, नुसतं जाऊन बघून तरी येऊ, असं म्हणून मी रेणूला घेऊन एसटीत बसले. सकाळची गोळी दिली होती. पिशवीत पाण्याची बाटली, तिचा जास्तीचा फ्रॉक आणि दशम्या होत्या.

कळंबच्या स्टँडवर गाडी आली आणि तिथेच थांबली. पुढे शेतकऱ्यांनी कापसाच्या भावासाठी रस्ता अडवला होता. कापसानं भरलेल्या गाड्या आडव्या लावल्या होत्या. कंडक्टर खिडकीशी येऊन म्हणाला, "बाई, गाडी कव्हा निघन ते काही सांगता येत नाही. पोरगी आहे संग, तं चिंतामणीचं दर्शन घेऊन या. निघाची असली तं हॉर्न मारतो."

कळंबचा चिंतामणी गणपती जमिनीच्या पातळीपासून बराच खाली आहे. पायऱ्या उतरत जावं तसा वरचा गलबला मागे पडतो आणि गारवा अंगाला लागतो. रेणूला तो प्रकार फार आवडला. देव एवढा खाली का राहतो, त्याच्या कुंडात पाणी येतं ते कुठून येतं, असे प्रश्न ती विचारत होती. बऱ्याच दिवसांनी ती एवढं बोलत होती. मी मूर्तीसमोर हात जोडले आणि काय मागावं तेच सुचेना. बरी कर, असं म्हणायचं होतं, पण मनात आलं ते वेगळंच. मला काही कळत नाहीये, तूच दाखव, एवढंच मी म्हटलं.

दर्शन घेऊन आम्ही गाभाऱ्याबाहेर, पायऱ्यांच्या तळाशी असलेल्या ओसरीवर आलो, तेव्हा रेणू एकाएकी गप्प झाली. मान एका बाजूला वळली आणि ती कोसळली. मी कशीबशी तिला धरलं. लोक धावले. कोणी कांदा आणा म्हणालं, कोणी चप्पल नाकाशी धरायला निघालं, एकानं दातांत घालायला चमचा शोधला. 

तेवढ्यात एक बाई पुढे आली. वय पन्नाशीचं, अंगावर काठाचं हिरवं लुगडं, चेहरा अगदी शांत. ती खाली बसली आणि म्हणाली, "कांदा नोका लावू. तोंडात काही नोका घालू. वारा येऊ द्या पोरीले." तिनं रेणूला हलकेच कुशीवर वळवलं, स्वतःच्या पिशवीतला खाऊचा पुडा बाजूला ठेवून पिशवीची घडी डोक्याखाली दिली आणि माझा हात धरून मला शेजारी बसवलं. "काहून घाबरता बाई? आपण बसून राहू. जाते ते. लईच लांबलं तं दवाखान्यात नेऊ, दवाखाना जवळच आहे."

लांबलं नाही. रेणूचे हात सैल पडले, श्वास संथ झाला. गर्दी पांगली. ती बाई मात्र उठली नाही. ती फुलसावंगीची होती, लेक कळंबला दिली होती म्हणून तिच्याकडे आली होती. मी आभार मानायला लागले तर म्हणाली, "मले बी येते ना. लहानपणापासून."

 आजवर मला फिट येणारी मुलं दवाखान्याच्या बाकावर भेटली होती. फिट येणारी, संसार केलेली, लेकीची पाठवणी केलेली, नातवंडासाठी खाऊ घेऊन निघालेली बाई मी पहिल्यांदा बघत होते.

रेणू जागी झाली तेव्हा तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी तिला सांगितलं, "या मावशींनाही तुझ्यासारखंच होतं." रेणूनं मान त्यांच्याकडे वळवली. मग क्षीण आवाजात तिनं विचारलं, "तुम्हाला कसला वास येतो?"

मला वाटलं ती अजून गुंगीत आहे. पण मावशींनी प्रश्न अगदी सहज घेतला. "वास नाही येत माय. माझ्या तोंडात तांब्याची चव येते, पैसा चघळल्यावानी. मंग मी खालीच बसतो. तुले वास येते का?"

"सरकीच्या ढेपीचा," रेणू म्हणाली. "ओल्या ढेपीचा. आजोबा गोठ्यात गुरांसाठी भिजवायचे तेव्हा यायचा तसा. मग पोटातून काहीतरी वर येतं. मग मला माहीत नाही."

"दरवेळी?"

"दरवेळी. पण ढेप कुठेच नसते."

दोघी एकाच गावाहून आलेल्या माणसांसारख्या बोलत होत्या, आणि मी ऐकत होते. डॉक्टरांनी विचारलं होतं, आधी काही जाणवतं का म्हणून. रेणूनं नाही म्हणून मान हलवली होती. वास येणं हा दुखण्याचा भाग असेल, असं तिला वाटलंच नव्हतं.

मी कुठे निघाले होते ते मावशींना सांगितलं. त्यांनी डावा हात पुढे केला. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा जुना वण होता. "मी बी गोळी सोडली होती. नवीन लग्न झालं होतं, सासरी कोणाले समजू नये म्हणून जडीबुटी घेत होती. चुलीपाशीच पडली." मग म्हणाल्या, "कोणाच्या औषधाले मी नाव ठेवत नाही. पण हे वासाचं पयले डाक्टरले सांगा. अन् चालू गोळी आपल्या मनानं सोडू नोका."

वर हॉर्न वाजला. रस्ता मोकळा झाला होता. मावशींचा निरोप घेऊन मी रेणूला धरून पायऱ्या चढून गेले, कंडक्टरला आम्ही पुढे येत नाही म्हणून सांगितलं आणि यवतमाळकडे परतणाऱ्या गाडीत बसले. असं का केलं, याचा मी विचारसुद्धा केला नाही. कितीतरी दिवसांनी मन स्वच्छ होतं, एवढं आठवतं.

डॉक्टरांनी वासाचं ऐकलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. रेणूशी ते पुष्कळ वेळ बोलले. नागपूरला नव्यानं तपासण्या झाल्या. कानाच्या वरच्या बाजूला मेंदूत एक लहानसा व्रण सापडला आणि फिटची सुरुवात तिथूनच होते, असं निघालं. ऑपरेशन करता येण्यासारखं होतं, पण आधी या प्रकाराला लागू पडणारं दुसरं औषध देऊन बघू, असं ठरलं. जुनी गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी केली. रेणूची पेंग उतरली. वर्गात तिचा हात पुन्हा वर जायला लागला. फिट कायमच्या गेल्या असं मी म्हणणार नाही. वर्षाकाठी एखादी येते. वास आला की ती जमिनीवर बसते, जवळ असेल त्याला सांगते आणि कुशीवर होते.

पुढे यजमानांचा दौरा फुलसावंगीकडे निघाला तेव्हा त्यांनी तिथे चौकशी केली. पण मी त्या मावशींचं नावच विचारलं नव्हतं, आणि एवढ्या मोठ्या गावात नावाशिवाय बाई सापडायची कशी? ती माणूसच होती, यात मला शंका नाही. तिचा हात माझ्या हातात होता, त्या वणाचा खडबडीतपणा अजून आठवतो. मी चमत्काराचा दावा करत नाही. शेतकऱ्यांनी रस्ता अडवला तो त्यांच्या घामाच्या दामासाठी, माझ्यासाठी नव्हे. ती आली ती तिच्या लेकीसाठी. या सगळ्या वेगवेगळ्या वाटा त्या दुपारी एका ओसरीवर कोणी आणून मिळवल्या, याचं मात्र मला आजही नवल वाटतं, आणि हात आपोआप जोडले जातात.

देवावर सोडायचं म्हणजे डोळे मिटून बसायचं, असं मी पूर्वी समजत असे. आता वाटतं, विचारायचं ते सगळं विचारावं, करायचं ते सगळं करावं, आणि त्यानंतर जे आपल्या हाती उरत नाही ते त्याच्या पायाशी ठेवून निमूट उठावं. हे लिहायला सोपं आहे. मला ते खऱ्या अर्थानं करावं लागलं रेणू अमरावतीला कॉलेजला निघाली त्या दिवशी. यजमान म्हणाले, पहिला महिना तू तिथे जाऊन राहा. रेणू माझ्याकडे बघत होती. मी तिच्या पर्समध्ये गोळ्या आहेत ना, एवढं पाहिलं, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि तिला एकटीला गाडीत बसवलं. गाडी स्टँडबाहेर वळून दिसेनाशी झाली, आणि मी शाळेची वेळ झाली म्हणून शाळेत गेले.