दोन बुडालेल्या स्वाऱ्या

निजामी राजवटीच्या अखेरच्या पावसाळ्यात निजामाच्या पाठीराख्यांची एक हत्यारबंद टोळी नावेतून आमच्या गावावर चालून आली आणि भर गोदावरीत बुडाली, ही गोष्ट गावच्या सभेत दरवर्षी सांगितली जाते. ती खरी आहे. मी काठावर उभा होतो. परंतु त्याच पावसाळ्यात आम्ही चौघे, गूळ शिजवण्याच्या काहिलीत बसून, नदीपलीकडची निजामी पोलीस चौकी घ्यायला निघालो होतो. भोवऱ्यात काहील उलटली. तिघे काठाला लागलो. माझा थोरला भाऊ लागला नाही. हे कोणीच सांगत नाही.

यंदा मी भर सभेत सरपंचाला जाब विचारला.

तो हसला. "आबा, काहिलीत गूळ शिजतो, लढाई न्हाई! आमी तर असलं काईच ऐकलं न्हाई."

मी हादरलो. वाचलेल्या तिघांत त्याचे वडील होते. त्यांनी घरातही अवाक्षर काढले नव्हते! शत्रूची फजिती सांगताना गावाची जीभ अडखळत नाही. आपली फजिती मात्र मेलेल्या माणसासकट गिळली जाते.

मी ध्वनिक्षेपक ओढून घेतला. "खाली बस," मी सरपंचाला म्हणालो. "तुझ्या बापाला पाण्यातून वर ढकलणारा माझा भाऊ होता."